परिचारिकेचे शिक्षण तिच्या झोपेतून वसूल करू नका

जीएनएम करून वॉर्डात रुजू झालेल्या परिचारिकेला पुढे जायचे असेल तर वाट ठरलेली आहे. तीन वर्षांच्या पदविकेवर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी, त्यावर दोन वर्षांचे एमएस्सी. मग परिसेविका, अधिसेविका अशी जबाबदारीची पदे मिळण्याची शक्यता, किंवा नर्सिंग महाविद्यालयात शिकवण्याची संधी. सुरुवात एएनएमपासून केली असेल तर त्याआधी जीएनएमची तीन वर्षे आणखी. कागदावर ही वाट सरळ दिसते. अडचण अशी की यातला जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे आणि तो करू पाहणारी बाई, किंवा ब्रदर, पूर्णवेळ नोकरीत आहे. त्यांच्या पगारावर घर चालते, धाकट्या भावंडाची फी भरली जाते, कर्जाचा हप्ता जातो. अशा परिचारिकेला आपण एकच सल्ला देतो : वेळेचे नियोजन कर. वेळापत्रक आख, घरच्यांची मदत घे, मन खंबीर ठेव. या सल्ल्यामागे सदिच्छा असते, तरीही तो चुकीच्या माणसाला दिलेला सल्ला आहे. नोकरी आणि शिक्षण यांची सांगड घालणे ही रुग्णालयांची आणि सरकारची जबाबदारी आहे. वॉर्डातले तिचे काम शिक्षणात धरले गेले पाहिजे आणि वर्गातले तास ड्युटीत.

आधी हिशेब मांडू. आठवड्याचे तास १६८. सहा दिवसांची ड्युटी साधारण ४८ तास घेते. पूर्णवेळ अभ्यासक्रमाचे वर्ग आणि क्लिनिकल पोस्टिंग मिळून आणखी ४० तास. उरले ८०. रोज सात तास झोप धरली तर ४९ तास गेले, हाती राहिले ३१. कल्याण किंवा विरारहून मुंबईत, हडपसरहून पिंपरीत कामाला जाणाऱ्या बाईचे दिवसाचे तीन तास प्रवासात जातात. सहा दिवसांचे १८ तास वजा केले की आठवड्याला १३ तास, म्हणजे दिवसाला दोन तासही नाहीत. त्यात स्वयंपाक, धुणी, मुलाचा अभ्यास, सासऱ्यांचे औषधपाणी आणि स्वतःचे वाचन. कितीही शिस्तीची बाई असली तरी हे गणित सुटत नाही. मग ती झोपेला कात्री लावते, कारण बाकी कशालाच हात लावता येत नाही. काही जणी कायमची नाइट मागून घेतात, म्हणजे दिवस वर्गासाठी मोकळा राहतो. काही नोकरी सोडतात आणि कर्ज काढतात. आणि काही ‘नॉन-अटेंडिंग’ प्रवेश घेतात. नर्सिंगच्या क्षेत्रात हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. फी भरायची, हजेरी कागदावर लागते, परीक्षेपुरते जायचे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडण्यापूर्वी क्लिनिकलचे तास शंभर टक्के पूर्ण झालेले असावे लागतात. नियम चांगलाच आहे. पण पोट नोकरीवर असलेल्या परिचारिकेला तो पाळण्याची सोय कोणी केलेली नाही, आणि नेमक्या त्या फटीत बोगस हजेरीचा धंदा उभा राहिला आहे.

नाइट करून शिकणे याचा वॉर्डातला अर्थ काय, तो जवळून पाहिला पाहिजे. बऱ्याच रुग्णालयांत रात्रपाळी आठ ते आठ असते. सकाळी सातला उठून नऊ ते चार वर्ग केलेली परिचारिका रात्री आठला हँडओव्हर घेते, तेव्हा ती १३ तास जागी असते. पहाटे चारला एका रुग्णाच्या रक्तातले पोटॅशियम कमी आल्याचा रिपोर्ट येतो आणि डॉक्टर पोटॅशियम क्लोराइड लिहून देतात. दहा मिलिलिटरचे अँप्युल, त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट औषध. ते सलाइनच्या बाटलीत घालायचे, बाटली नीट उलटीपालटी करायची, तासाला किती जायचे याचे गणित करून पंप लावायचा. हेच अँप्युल थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडते. आणि त्याच ट्रॉलीवर जवळजवळ त्याच आकाराची डिस्टिल्ड वॉटरची अँप्युले ठेवलेली असतात. हे काम करताना ती २१ तास जागी आहे. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सतत १७ तास जागे असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरलेली आढळली होती. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे, त्यापुढे स्टिअरिंगवर बसणे हा गुन्हा. अॅन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या ३९३ परिचारिकांच्या नोंदवह्या तपासल्या, तेव्हा साडेबारा तास किंवा त्याहून लांब पाळीत चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट दिसली. त्या परिचारिका पाळी संपवून घरी जात होत्या. आपली परिचारिका पाळी संपवून पुन्हा वर्गात जाऊन बसते. तेव्हा तिच्या झोपेचा प्रश्न तिच्या एकटीचा राहत नाही, तो त्या खाटेवरच्या रुग्णाचाही होतो.

मग शिकायचेच कशाला, असे कोणी म्हणेल. वॉर्डातला अनुभव पुरेसा नाही का? अनुभवाचे मोल मोठे आहे, पण शिक्षणाने काय फरक पडतो याचा बऱ्यापैकी भक्कम पुरावा उपलब्ध आहे. लिंडा एकन यांच्या गटाने २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नऊ युरोपीय देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास मांडला. त्यात शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून अधिक रुग्ण होते. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दर दहा टक्क्यांनी वाढले की रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी आढळली. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्षही महत्त्वाचा आहे : प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ती शक्यता सात टक्क्यांनी वाढते. हा परस्परसंबंध आहे, थेट कार्यकारणाचा पुरावा नाही, आणि युरोपातली रुग्णालये आपल्यासारखी नाहीत, हे मान्य. तरी दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर धोरण कुठे चुकते ते कळते. परिचारिका शिकली तर रुग्णाचा फायदा, पण ती शिकत असताना तिच्या जागी दुसरी आली नाही तर तोच रुग्ण धोक्यात. परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात रात्री गेलेल्या कोणालाही तो निकष आणि वास्तव यांतले अंतर सांगायला नको.

याच रुग्णालयात, याच वॉर्डात, आणखी एक विद्यार्थी रात्रभर जागा असतो : निवासी डॉक्टर. तो एमडी किंवा एमएस करत असतो. त्याला दरमहा विद्यावेतन मिळते. त्याचे वॉर्डातले काम हेच त्याचे शिक्षण मानले जाते आणि त्यावर त्याला पदवी मिळते. निवासी डॉक्टरांनाही अमानुष तास राबवले जाते, त्यांचे संप वाजवी कारणांसाठी होतात, आणि ती व्यवस्था जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही. पण तिच्यातले मूळ तत्त्व बरोबर आहे. रुग्णसेवा करता करता माणूस शिकतो, ते शिक्षण मोजता येते आणि शिकणाऱ्याला पोटाला पैसे लागतात. परिचारिकेच्या बाबतीत मात्र आपण या तत्त्वाला नकार देतो. मंगळवारी पगारी ड्युटीवर तिने घातलेला कॅथेटर हे काम, आणि बुधवारी कॉलेजच्या पोस्टिंगवर दुसऱ्या रुग्णालयात तिने घातलेला तसाच कॅथेटर हे शिक्षण. पहिल्याचे श्रेयांक नाहीत, दुसऱ्याचा पगार नाही.

ही विभागणी अटळ नाही याचे दाखले जवळचेही आहेत आणि लांबचेही. परिचर्या परिषदेनेच आखलेला ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा पदव्युत्तर अभ्यासक्रम रेसिडेन्सीच्या धर्तीवर आहे, म्हणजे अतिदक्षता विभागातले काम हाच त्याचा गाभा. इग्नूने नव्वदच्या दशकात सेवेतल्या परिचारिकांसाठी तीन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी सुरू केले. त्याला नोकरीचा अनुभव ही अटच होती. इंग्लंडमध्ये २०१७ पासून नर्सिंगची पदवी शिकाऊ उमेदवारीतूनही मिळवता येते, रुग्णालय पगार देते आणि वर्गासाठी वेळही. जर्मनीत तीन वर्षांचे परिचर्येचे प्रशिक्षण, ज्याला ते आउसबिल्डुंग म्हणतात, पहिल्या महिन्यापासून पगारी असते. २०२० पासून लागू झालेल्या कायद्यात किमान २१०० तास वर्ग आणि २५०० तास प्रत्यक्ष काम असे त्याचे माप ठरले आहे आणि पहिल्या वर्षालाच महिन्याला हजार युरोंहून अधिक मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. आपल्या मुलींनी तिकडे जाऊन चांगले आयुष्य घडवावे, यात मला आनंदच आहे. पण शिकताना पगार देणाऱ्या देशाशी करार करणारे आपले सरकार लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात तीच सोय का करत नाही, हा प्रश्न विचारायलाच हवा.

माझ्या डोळ्यांसमोर आहे ती योजना अशी. नोंदणीकृत परिचारिका नोकरीत राहील. आठवड्याचे चार दिवस वॉर्डात, दोन दिवस वर्गात, पगार सहा दिवसांचा. वॉर्डातल्या चार दिवसांपैकी ठरलेले तास प्रशिक्षित मार्गदर्शक परिचारिकेच्या देखरेखीखाली असतील, तिच्या नोंदवहीत कौशल्यवार उतरतील आणि विद्यापीठ ते तपासून श्रेयांक देईल. अभ्यासक्रम दोनऐवजी तीन वर्षांचा होईल. वर्ग आणि ड्युटी मिळून आठवड्याचे तास ४८ च्या वर जाणार नाहीत आणि वर्गाच्या आदल्या रात्री नाइट लागणार नाही. महाराष्ट्रात हे करण्याची साधने तयार आहेत. १९८९ पासून कष्टकऱ्यांच्या दारात शिक्षण नेणारे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि १९९८ पासून राज्यातल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दोन्ही नाशकात आहेत. एकाकडे पोहोच आहे, दुसऱ्याकडे परीक्षेची शिस्त.

पहिला आक्षेप दर्जाचा. कामाचे तास शिक्षणात धरले तर पदव्यांची खिरापत होईल, पाच वर्षे डायलिसिस युनिटमध्ये काढलेली परिचारिका बालरोग आणि सामुदायिक आरोग्य न शिकताच पदवीधर होईल. आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच नुसते तास मोजून भागणार नाही. डायलिसिसचा अनुभव डायलिसिसपुरताच धरावा. बाकीच्या विभागांत तिची बदली करणे ही योजनेत सामील होणाऱ्या रुग्णालयाची अट असावी, आणि ज्या नर्सिंग होममध्ये ते विभागच नाहीत त्यांनी जिल्हा रुग्णालयाशी जोडून घ्यावे. पण दर्जाची काळजी करणाऱ्यांनी आजच्या दर्जाकडेही पाहावे. वर्गात डोळे उघडे ठेवण्यासाठी झगडणारी विद्यार्थिनी आणि कागदावरची हजेरी यांनी कोणता दर्जा राखला आहे? सकाळी नाइट संपवून आलेल्या बाईला फार्माकॉलॉजीच्या तासात किती समजत असेल, हे शिकवणाऱ्या प्रत्येक पाठ्यनिर्देशिकेला माहीत आहे.

दुसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो परिचारिकांच्या बाजूने येतो. शिक्षणाच्या नावाखाली स्वस्त मजूर मिळवण्याचा हा जुना मार्ग आहे, असे त्या म्हणतील. इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल विद्यालय सुरू झाले तेव्हा शिकाऊ परिचारिकांना राहणे, जेवण, गणवेश आणि वर्षाला दहा पौंड मिळत. गरीब घरातल्या मुलींना त्यामुळे दार उघडले. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवा आणि निराधार स्त्रियांना ससूनमध्ये परिचर्या शिकता यावी म्हणून वसतिगृह चालवले, तेही याच जाणिवेतून : जिला राहायला जागा नाही ती शिकणार कशी? पण पुढे रुग्णालयांना या व्यवस्थेची चटक लागली. अमेरिकेत रुग्णालयांनी आपापली विद्यालये काढली आणि वॉर्ड विद्यार्थिनींच्या जिवावर चालवले. शिकवणे बाजूला राहिले, राबवणे तेवढे उरले. १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने ते उघड केले आणि परिचर्येचे शिक्षण विद्यापीठात न्यायला हवे असे ठामपणे सांगितले. ब्रिटननेही ऐंशीच्या दशकाअखेरीस ‘प्रोजेक्ट २०००’ आणून विद्यार्थी परिचारिकांना मनुष्यबळाच्या मोजणीतून वगळले. ही लढाई न्याय्य होती आणि तिचे फळ गमवायचे नाही. मात्र ती लढाई १८ वर्षांच्या, नोंदणी नसलेल्या विद्यार्थिनींसाठी होती. मी बोलतो आहे ती परिचारिका नोंदणीकृत आहे, तिला वॉर्ड एकटीने सांभाळता येतो आणि आजही ती सांभाळतेच आहे. तिच्यासाठी शोषणाविरुद्धचे संरक्षण म्हणजे तीन लेखी अटी : पूर्ण पगार, तासांची कमाल मर्यादा, आणि शिकण्याचे तास रुग्ण-परिचारिका प्रमाणात न धरणे. तिसरी अट सुटली तर योजना १९२३ पूर्वीच्या काळात जाऊन पडेल. पैसा काढून घेतल्यावर काय होते तेही ब्रिटनने दाखवले आहे. इंग्लंडने २०१७ मध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे निर्वाहवेतन बंद केले, अर्जांची संख्या घसरली आणि २०२० मध्ये वर्षाला किमान पाच हजार पौंडांचे अनुदान पुन्हा सुरू करावे लागले.

खर्चाचे काय? समजा एका रुग्णालयात एका वेळी दहा परिचारिका शिकत आहेत. प्रत्येकीचे आठवड्याचे दोन दिवस म्हणजे वीस कामाचे दिवस भरून काढायचे, त्यासाठी सहा दिवस काम करणाऱ्या तीन ते चार परिचारिका जास्त लागतील. महिना २५ हजार पगार धरला तर रुग्णालयावर एक लाखाच्या आत बोजा. दोनशे खाटांच्या खासगी रुग्णालयाला तो न पेलण्याजोगा नाही. पंधरा खाटांच्या नर्सिंग होमला पेलणार नाही, तिथे सरकारने हात दिला पाहिजे. खरी अडचण अशी आहे की परिचारिकेचा पगार हाच आपण वाचवण्याचा खर्च मानला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी दर सुचवले : दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी वेतनाइतके, आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी २० हजारांच्या खाली नाही. केरळने संपानंतर २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली. महाराष्ट्रात मात्र वीस हजार मिळणे हीच अनेक जणींना बढती वाटते. असा पगार घेणारी परिचारिका दोन वर्षे बिनपगारी शिकू शकत नाही, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

शिकवली की ती निघून जाईल, ही व्यवस्थापनांची नेहमीची तक्रार. ती आजही जातेच, आणि न शिकवणाऱ्या रुग्णालयातून आधी जाते. शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या रुग्णालयाने दोन वर्षे सेवेची, किंवा उरलेल्या काळाच्या प्रमाणात परतफेडीची अट घालावी. त्यात गैर काही नाही. पण मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेणे, सोडताना मनमानी रक्कम मागणे हे प्रकार बंद झाले पाहिजेत. कागद अडवून ठेवलेली परिचारिका निष्ठावान होत नाही, ती अडकलेली असते.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला आणि १९४७ चा परिचर्या परिषद कायदा त्यामुळे मागे पडला. अभ्यासक्रमाचे निकष ठरवण्यासाठी शिक्षण मंडळ आणि राज्यांसाठी राज्य आयोग अशी रचना त्यात आहे. सेवेतल्या परिचारिकांसाठी पगारी, तीन वर्षांचा, श्रेयांकांवर चालणारा मार्ग नव्या निकषांत पहिल्या दिवसापासून असावा, यासाठी परिचारिकांच्या संघटनांनी आणि राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने आत्ताच आग्रह धरायला हवा. एकदा नियम छापले गेले की त्यात बदल व्हायला दशक जाते. त्याआधीही एक गोष्ट करता येते. वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांत नर्सिंगचे वर्ग आणि वॉर्ड एकाच आवारात आहेत. तिथे शिकणाऱ्या परिचारिकांची नावे घेऊन त्यांची ड्युटी वर्गाशी जुळवून लावावी, नाइटनंतरचा दिवस मोकळा द्यावा. ड्युटी लावणाऱ्या अधिसेविकेला हे जमत नाही असे नाही. अनेक जणी ते आपल्या जबाबदारीवर, गुपचूप करतात, आणि एखादी सुट्टीवर गेली की सगळे कोलमडते. त्यांना हवा आहे एक लेखी आदेश, आणि त्या आदेशासोबत भरलेली रिक्त पदे.